मैदान लष्कराचे, डाव पोरांचा : बर्लिनमधील फुटबॉल स्पर्धांच्या जडणघडणीविषयी

बर्लिनच्या दक्षिण भागात हासेनहाइडे नावाची एक विस्तीर्ण बाग आहे. १८११ साली फ्रीडरिश लुडविग यान या शिक्षकाने तिथे तरुणांसाठी उघड्यावरची व्यायामशाळा सुरू केली. नेपोलियनच्या फौजांनी प्रशियाला चारी मुंड्या चीत केले होते. देश पुन्हा उभा करायचा तर आधी तरुणांची शरीरे घडवली पाहिजेत, अशी यान यांची धारणा होती. त्या व्यायामशाळेतून ‘टुर्नेन’ ही व्यायामचळवळ पुढे जर्मनीभर पसरली. याच बागेला लागून टेम्पेलहोफर फेल्ड हे अफाट मोकळे मैदान आहे. प्रशियाच्या सैन्याची संचलने तिथे होत. वसंतात आणि शरद ऋतूत राजरक्षक दलाची मोठी परेड भरे. एरवी मैदान मोकळे असे. १८८० च्या दशकात शाळकरी मुले, विद्यार्थी आणि तरुण कारकून चेंडू घेऊन या मैदानावर जमू लागले. प्रस्तुत पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

फुटबॉल बर्लिनमध्ये कसा आला, हा प्रश्न अनेकांनी हाताळला आहे. या पुस्तकाचा प्रश्न त्याच्या पुढचा आहे: बर्लिनमध्ये फुटबॉलची स्पर्धा कशी उभी राहिली? दोन गट समोरासमोर आले की सामना होतो. स्पर्धेला मात्र बरेच काही लागते. सर्वांना मान्य असे नियम लागतात, महिनोन्महिने पाळले जाणारे वेळापत्रक लागते, गुणतक्ता लागतो, कोण कोणाकडून खेळतो याची नोंद लागते, आणि हरलेल्याची तक्रार ऐकून निकाल देणारे कोणीतरी लागते. हा सगळा डोलारा बर्लिनमध्ये सरकारने उभारला नाही, शाळांनी नाही आणि लष्करानेही नाही. तो उभारला सोळा ते पंचवीस वर्षांच्या तरुणांनी, स्वतःच्या वर्गणीतून आणि असंख्य भांडणांतून. खेळ इंग्लंडहून आला होता. स्पर्धा ही त्यांची स्वतःची कमाई होती. या कमाईला इतिहासात जेवढे मोल मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही, असे मला मनापासून वाटते.

नव्या वाचकासाठी आधी थोडी पार्श्वभूमी. जर्मनीत फुटबॉलचा उल्लेख झाला की ब्राउनश्वाइगचे शिक्षक कोनराड कॉख यांचे नाव पहिल्यांदा घेतले जाते. त्यांनी १८७४ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांना हा खेळ शिकवला आणि १८७५ मध्ये जर्मन भाषेत नियम लिहून काढले. त्या नियमांतला खेळ आजच्या रग्बीला जवळचा होता. चेंडू हातात धरायला मुभा होती. त्याच १८७४ साली ड्रेस्डेनमध्ये तिथे राहणाऱ्या इंग्रजांनी आपला फुटबॉल क्लब काढला. पुढे १८८२ मध्ये प्रशियाचे शिक्षणमंत्री गुस्टाव्ह फॉन गॉसलर यांनी शाळांमध्ये मैदानी खेळांना उत्तेजन देणारा आदेश काढला. वर्गात कोंडलेल्या मुलांना उघड्या हवेवर आणण्याचा तो प्रयत्न होता, आणि त्यामुळे चेंडूच्या खेळाकडे निदान काही शिक्षक तरी आपुलकीने पाहू लागले.

विरोध मात्र कडवा होता. टुर्नेनच्या कार्यकर्त्यांना फुटबॉल म्हणजे परदेशी थेर वाटे. त्यांच्या व्यायामात सगळे एका तालात हालचाल करीत. तिथे हार नव्हती, जीत नव्हती, विक्रमाची हाव नव्हती. उलट फुटबॉल चढाओढीवर उभा होता, आणि शिवाय इंग्रजांचा होता. श्टुटगार्टचे व्यायामशिक्षक कार्ल प्लांक यांनी १८९८ मध्ये फुटबॉलच्या विरोधात एक अख्खी पुस्तिका लिहिली आणि लाथ मारण्याची क्रिया माणसाला शोभणारी नाही, असा युक्तिवाद केला. बव्हेरियात तर शाळकरी मुलांवरची फुटबॉलबंदी १९१३ पर्यंत टिकली. अशा वातावरणात क्लब काढणारा मुलगा घरच्यांचा, शिक्षकांचा आणि शेजाऱ्यांचा रोष पत्करूनच तो काढत होता.

बर्लिन मात्र अशा उपद्व्यापाला अनुकूल शहर होते. १८७१ मध्ये ते नव्या साम्राज्याची राजधानी झाले आणि १८७७ मध्ये त्याची वस्ती दहा लाखांच्या पुढे गेली. कारखाने, बँका, विमा कंपन्या, सरकारी कचेऱ्या वाढल्या, आणि त्यांच्यासोबत शिकलेल्या पण मोठ्या घराण्यातल्या नसलेल्या तरुणांचा एक नवा वर्ग शहरात आला. जुन्या मंडळांत, उच्चभ्रू क्लबांत त्यांना जागा नव्हती. फुटबॉलला फारसे भांडवल लागत नव्हते. आपला क्लब, आपला रंग, आपली घटना, आपला अध्यक्ष, असा मान त्यांना तिथे विशीच्या आतच मिळे.

१८८५ मध्ये फ्रँकफुर्टहून आलेल्या गेओर्ग लॉइक्स यांनी ‘बीएफसी फ्रँकफुर्ट’ हा बर्लिनचा पहिला फुटबॉल क्लब काढला. १५ एप्रिल १८८८ रोजी पाउल येस्ट्राम आणि त्याच्या शाळेतल्या मित्रांनी ‘बीएफसी गेर्मानिया १८८८’ स्थापन केला. आज अस्तित्वात असलेल्या जर्मन फुटबॉल क्लबांमध्ये तो सर्वांत जुना मानला जातो. १८८९ मध्ये ‘व्हिक्टोरिया’ आला; त्याच्या मूळ नावात फुटबॉलच्या जोडीला क्रिकेटही होते, कारण हे तरुण हिवाळ्यात फुटबॉल आणि उन्हाळ्यात क्रिकेट खेळत. १८९२ च्या जुलैमध्ये लिंडनर आणि लोरेन्झ या दोन घरांतल्या भावांनी ‘हेर्था’ काढला. त्यातल्या एका मुलाने वडिलांबरोबर आगबोटीतून सहल केली होती; त्या बोटीचे नाव क्लबला मिळाले आणि तिच्या धुरांड्यावरचे निळे-पांढरे रंगही क्लबचे झाले. हेर्थाची मुले उत्तर बर्लिनमधल्या ‘एक्सर’वर, म्हणजे तिथल्या लष्करी कवायतीच्या मैदानावर खेळत. आज त्या जागी एक क्रीडासंकुल आहे आणि त्याला फ्रीडरिश लुडविग यान यांचेच नाव आहे. ज्यांच्या अनुयायांनी फुटबॉलला इतका विरोध केला, त्यांच्या नावाच्या मैदानात आज फुटबॉल खेळला जातो. काळ विरोधकांनाही शेजारी कसा आणून बसवतो, ते या एका जागेत दिसते.

या पुस्तकाचा खरा गाभा यानंतर येतो. ४ नोव्हेंबर १८९० रोजी बर्लिनमध्ये ‘जर्मन फुटबॉलपटू संघटना’ स्थापन झाली आणि १८९०-९१ च्या मोसमात तिने साखळी स्पर्धा घेतली. गेर्मानिया १८८८ ने ती जिंकली. संघटनेच्या नावात ‘जर्मन’ असले तरी व्यवहारात सारा पसारा बर्लिनचा होता. पण इतके होताच पहिला तंटा उभा राहिला: शहरात राहणाऱ्या इंग्रज खेळाडूंना बरोबरीचे स्थान द्यायचे की नाही? ज्यांच्याकडून खेळ शिकला त्यांना कारभारात घ्यायचे की नाही, हा प्रश्न सोपा नव्हता. यातून १८९१ मध्ये ‘जर्मन फुटबॉल व क्रिकेट महासंघ’ ही दुसरी संघटना निघाली. तिच्या १८९१-९२ च्या पहिल्या स्पर्धेत ‘इंग्लिश एफसी १८९०’ विजयी झाला. त्यानंतर १८९३ पासून १८९७ पर्यंत ओळीने पाच वर्षे व्हिक्टोरियाने जेतेपद राखले. पहिली संघटना १८९२ मध्येच मोडली. १८९७ मध्ये चेंडूखेळ खेळणाऱ्या क्लबांची आणखी एक संघटना उभी राहिली. पुढे तिनेच शहराच्या फुटबॉलचा कारभार हाती घेतला आणि महासंघ विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मावळला.

१८९४ सालचा एक प्रसंग इथे जरा जवळून पाहण्यासारखा आहे. महासंघाला आपली स्पर्धा बर्लिनबाहेर न्यायची होती. व्हिक्टोरियाविरुद्ध निर्णायक सामना खेळण्याचा मान फ्रँकफुर्टजवळच्या हानाउ गावातल्या ‘हानाउ ९३’ या क्लबला मिळाला. पण हानाउच्या मुलांकडे बर्लिनपर्यंतच्या प्रवासाचे पैसे नव्हते. ते आले नाहीत आणि व्हिक्टोरियाला विजेते ठरवण्यात आले. तो राहिलेला सामना अखेर २००७ मध्ये दोन लढतींत खेळवला गेला. व्हिक्टोरियाने पहिली ३-० ने जिंकली, दुसरी १-१ अशी बरोबरीत सुटली. या प्रसंगाकडे गमतीची गोष्ट म्हणून पाहिले जाते. मला त्यात संपूर्ण देशाच्या फुटबॉलची अडचण दिसते. नियम जुळले, इच्छा जुळली, तरी रेल्वेच्या तिकिटाचे पैसे कोण देणार, याचे उत्तर मिळेपर्यंत राष्ट्रीय स्पर्धा हे स्वप्नच राहणार होते. म्हणूनच पहिली पंधरा वर्षे जर्मन फुटबॉल हा मुळात शहरांचा फुटबॉल होता. चालत किंवा घोड्याच्या ट्रामने जिथवर जाता येईल, तिथवरच लीग पसरू शकत होती.

२८ जानेवारी १९०० रोजी लाइपझिगमध्ये ८६ क्लबांच्या वतीने ३६ प्रतिनिधी जमले आणि जर्मन फुटबॉल महासंघाची, म्हणजे डीएफबीची स्थापना झाली. त्याच्या पहिल्या कारभाऱ्यांत गुस्टाव्ह मॅनिंग होते. लंडनमध्ये ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आणि बर्लिनच्या पांको भागात फुटबॉल रुजवणाऱ्या या डॉक्टरने पुढे अमेरिका गाठली आणि १९१३ मध्ये तिथल्या राष्ट्रीय फुटबॉल संघटनेचे पहिले अध्यक्षपद भूषवले. बर्लिनच्या मैदानावर संघटना बांधण्याचा जो सराव झाला, तो अटलांटिकपलीकडेही कामी आला.

१९०३ मध्ये पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. आल्टोनातल्या अंतिम सामन्यात लाइपझिगने प्रागच्या जर्मन संघाला ७-२ असे हरवले. १९०४ मध्ये बर्लिनचा ‘ब्रिटानिया’ अंतिम फेरीत पोहोचला. पण त्याने कार्ल्सरूहला ६-१ ने हरवलेला सामना बर्लिनमध्येच झाला होता, आणि नियमाप्रमाणे तो त्रयस्थ ठिकाणी व्हायला हवा होता. कार्ल्सरूहने तक्रार केली, अंतिम सामना रद्द झाला आणि त्या वर्षी कोणीच विजेता ठरला नाही. १९०५ मध्ये ‘उनिऑन ९२’ ने कार्ल्सरूहलाच २-० ने नमवून बर्लिनला पहिले राष्ट्रीय जेतेपद मिळवून दिले. १९०८ आणि १९११ मध्ये व्हिक्टोरियाने तोच मान मिळवला. १९०८ च्या एप्रिलमध्ये जर्मनीच्या राष्ट्रीय संघाने मायदेशातला पहिला सामना इंग्लंडच्या हौशी संघाविरुद्ध खेळला, तोही बर्लिनच्या मारियनडॉर्फ भागात. जर्मनी १-५ ने हरली. तोवर शहरात एकाहून अधिक संघटना आपापल्या स्पर्धा घेत होत्या. १९११ मध्ये त्या एकत्र आल्या आणि संपूर्ण शहरासाठी व भोवतालच्या ब्रांडेनबुर्ग प्रांतासाठी एकच कारभार सुरू झाला. प्रस्तुत पुस्तक या टप्प्यावर थांबते, आणि ते योग्यच आहे. इथून पुढचा इतिहास मोठ्या प्रेक्षागारांचा, वृत्तपत्रांचा आणि राजकारणाचा आहे.

या विकासात तीन प्रवाह सतत एकमेकांवर आदळताना दिसतात. पहिला टुर्नेनचा, दुसरा इंग्रजी वळणाच्या हौशी क्लबांचा, तिसरा कामगारांच्या क्रीडाचळवळीचा. १८९३ मध्ये गेरा इथे कामगारांनी आपली स्वतंत्र व्यायामसंघटना काढली आणि पहिल्या महायुद्धानंतर तिने स्वतःच्या फुटबॉल स्पर्धा भरवल्या. १९३३ मध्ये नाझींनी ती चिरडली. टुर्नेनवाले आणि फुटबॉलवाले यांचे तर १९२४ च्या सुमारास उघड विभाजन झाले. एकाच क्लबमधल्या दोन शाखांना वेगळे संसार थाटावे लागले. कोल्हापुरात तालमींच्याच नावाने फुटबॉलचे संघ मैदानात उतरतात आणि पेठेचा अभिमान दोन्ही आखाड्यांत एकच असतो, हे ज्याने पाहिले आहे त्याला जर्मनीतली ही फारकत विशेष बोचेल. व्यायाम आणि खेळ यांचे वैर अटळ नसते, ते माणसे घडवतात, असे या तुलनेतून माझ्या मनात येते.

या विषयावरचे लेखनही वेगवेगळ्या वळणांनी गेले आहे. सर्वांत जुने लेखन क्लबांच्या वर्धापनदिनांच्या स्मरणिकांचे. त्यात प्रेम भरपूर आणि तपशील मोलाचा. पण प्रत्येकाला आपलाच क्लब जगाच्या मध्यावर दिसतो. दुसरे वळण राष्ट्रीय संघटनेच्या दृष्टीचे: त्यात १९०० पूर्वीचे सारे म्हणजे प्रास्ताविक, आणि शहरांच्या लीग म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेकडे जाणारी पायरी. १९७० च्या दशकापासून सामाजिक इतिहासकारांनी तिसरी वाट पाडली. रोल्फ लिंडनर, हाइनरिश ब्रॉयर आणि पुढे झीगफ्रीड गेरमान यांनी रूर खोऱ्यातल्या खाणकामगारांच्या फुटबॉलचा अभ्यास केला. त्यामुळे फुटबॉल म्हणजे मुळातच कामगारांचा खेळ, अशी समजूत पक्की होऊ लागली. क्रिस्टियाने आयझेनबेर्ग यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात तिला छेद दिला: साम्राज्यकाळातला जर्मन फुटबॉल प्रामुख्याने पांढरपेशा नोकरदारांचा होता, हे त्यांनी दाखवले. बर्लिन या मांडणीचे उत्तम उदाहरण आहे. चौथे वळण विस्मृतीविरुद्धच्या लढ्याचे. डीट्रिश शुल्झे-मार्मेलिंग यांनी २००३ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथाने ज्यू खेळाडू, संघटक आणि पत्रकार यांचा पुसलेला वाटा पुन्हा उजेडात आणला, आणि २००५ मध्ये निल्स हाव्हेमान यांनी नाझी काळातल्या डीएफबीच्या वर्तनाचा हिशेब मांडला.

प्रस्तुत पुस्तक या चारही वळणांचे ऋण मानते, पण त्यांच्यापैकी कोणत्याही एकाच्या मागे जात नाही. त्याचा नायक कोणताही क्लब नाही, खेळाडू नाही, राष्ट्रीय संघही नाही. लीग हीच इथे नायिका आहे. नियम कसे ठरले, मैदाने कशी मिळाली, पंच कुठून आले, तक्रारी कोणी ऐकल्या, फुटलेल्या संघटना पुन्हा कशा जुळल्या, या प्रश्नांना इथे मध्यवर्ती जागा आहे. जिंकलेल्या सामन्यांइतकेच महत्त्व मोडलेल्या बैठकांना आहे. ज्याला फक्त गोलांची वर्णने हवी आहेत त्याला काही पाने संथ वाटतील; मी त्याला थोडा धीर धरायला सांगेन. बैठकीतल्या वादात पुढच्या शंभर वर्षांचे प्रश्न दडलेले आहेत. परक्याला आपल्यात घ्यायचे का? गरीब क्लबचा प्रवासखर्च कोणी उचलायचा? नियम सर्वांना सारखे लावायचे की बलवानाला सूट द्यायची? आपल्या शहरातल्या, तालुक्यातल्या कुठल्याही क्रीडासंघटनेच्या वार्षिक सभेत बसून पाहा. हेच प्रश्न आजही टेबलावर असतात.

मराठी वाचकाला या कथेत एक वेगळा धागाही सापडेल. ज्या १८९१ साली बर्लिनची पहिली साखळी स्पर्धा पूर्ण झाली, त्याच साली मुंबईत रोव्हर्स चषक सुरू झाला. पहिला विजेता संघ ब्रिटिश लष्कराच्या वूस्टरशायर रेजिमेंटचा होता, आणि भारतीय संघाला तो चषक जिंकायला १९३७ साल उजाडावे लागले. तो मान बंगळूर मुस्लिम्सने मिळवला. मुंबईत स्पर्धा राज्यकर्त्यांच्या पलटणींची होती आणि इथल्या माणसांना तिच्यात शिरावे लागले. बर्लिनमध्ये पलटणींच्या मैदानावर शहरातल्या मुलांनी स्वतःची स्पर्धा मांडली. एकच खेळ, एकच साल, पण सूत्रे कोणाच्या हातात आहेत यावरून त्याचा इतिहास किती निराळा होतो! भारतीय फुटबॉलच्या उगमाचा विचार करणाऱ्यांना ही तुलना उपयोगी पडेल.

आज या अभ्यासाची निकड आणखी एका कारणाने वाढली आहे. फुटबॉल म्हटले की आता आपल्या डोळ्यांसमोर कोट्यवधींचे करार, उपग्रह वाहिन्या आणि मालकांचे संघ येतात. स्पर्धा वरून खाली येते आणि आपण ती विकत घेऊन पाहतो, हे आपल्याला इतके सवयीचे झाले आहे की ती कधीकाळी खालून वर गेली होती हे सांगावे लागते. खुद्द बर्लिनमध्ये गेर्मानिया १८८८ अजूनही खेळतो, मोठ्या प्रकाशझोतापासून फार दूर, शहराच्या अगदी खालच्या साखळ्यांत. ‘ब्रिटानिया’ने पहिल्या महायुद्धाच्या ज्वरात इंग्रजी वाटणारे नाव टाकून दिले, तो क्लब दुसऱ्या नावाने टिकला. उनिऑन ९२ दुसऱ्या क्लबात विलीन झाला. क्लब बदलतात, मिटतात, नावे पालटतात. त्यांनी एकमेकांशी खेळण्यासाठी जी व्यवस्था घडवली ती मात्र राहते.

म्हणून माझी वाचकांना विनंती आहे की त्यांनी हे पुस्तक फुटबॉलच्या बालपणाच्या रम्य आठवणी म्हणून वाचू नये. प्रतिस्पर्ध्याला हरवण्याची ईर्षा आणि त्याच प्रतिस्पर्ध्याबरोबर बसून नियम ठरवण्याची समज, या दोन गोष्टी एकाच माणसात नांदाव्या लागतात, तेव्हा कुठे स्पर्धा जन्माला येते. बर्लिनच्या त्या तरुणांना हे साधायला वीस वर्षे लागली. ते अनेकदा चुकले, फुटले, काहींना त्यांनी दाराबाहेर ठेवले, आणि त्या अन्यायाची किंमत पुढच्या पिढ्यांनी मोजली. पण प्रतिस्पर्धी म्हणजे शत्रू नव्हे, तो नसेल तर आपला खेळच उरत नाही, हे ते मैदानावर शिकले आणि कागदावर उतरवून गेले. ज्या समाजाला आपल्या संस्था स्वतः चालवायच्या आहेत, त्याने हा धडा मुळापासून वाचायला हवा, आणि तो वाचण्याची उत्तम सोय या पुस्तकाने मराठीत करून दिली आहे.